जोडप्यासाठी लेटेक्सची गादी घेताना: पलंग मोजण्यापासून बिल हातात पडेपर्यंत

लग्नाची तारीख ठरली किंवा नव्या फ्लॅटची किल्ली हातात आली की आधी सुतार शोधला जातो. लाकूड कुठलं, पॉलिश कसलं यावर आठवडाभर खल होतो आणि गादी शेवटच्या दिवशी घाईत उचलली जाते. खरं तर दहा-पंधरा वर्षं अंग टेकायचं असतं ते गादीवर. कापसाची गादी कडक झाली, गोळे झाले तर पिंजून पुन्हा भरून घेता येते. लेटेक्सच्या गादीला ती सोय नाही. एकदा घेतली की जशी आहे तशीच वापरावी लागते, आणि ती स्वस्तही नसते. म्हणून पहिल्यांदाच घेणाऱ्या आपल्या कोल्हापूरकडच्या जोडप्यांसाठी हे सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं थोडक्यात असं: कव्हर उघडून आतला माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि दोघांनी एकाच वेळी त्यावर आडवं झाल्याशिवाय पैसे देऊ नका. बाकीच्या पायऱ्या यासाठीच आहेत.

लेटेक्स म्हणजे नेमकं काय घेतोय, ते आधी समजून घ्या

रबराच्या झाडाच्या सालीला चीर दिली की जो पांढरा चीक येतो, त्यापासून हा फोम बनतो. देशातलं बहुतेक रबर केरळचं, आणि रबर बोर्डाचं मुख्यालयही कोट्टायमला. पण बघायचंच असेल तर इतक्या लांब जायला नको. चंदगडहून तिलारी घाट उतरून दोडामार्ग तालुक्यात गेलात की रस्त्याच्या कडेला रबराच्या बागा लागतात. प्रत्येक झाडाच्या खोडाला तिरकी चीर आणि तिच्याखाली बांधलेली छोटी वाटी असते. त्या वाटीत थेंब थेंब साचतो तोच हा चीक.

हा चीक घट्ट करून, फेटून, साच्यात ओततात आणि वाफेवर शिजवतात. ही डनलॉप पद्धत, 1929 पासूनची. शिजताना जड कण थोडे खाली बसतात, त्यामुळे अशा गादीची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित कडक निघू शकते. दुसरी पद्धत तलालय. तिच्यात साचा बंद करून हवा ओढून घेतात, मिश्रण गोठवतात आणि मग शिजवतात. ही गादी वजनाला हलकी, वरपासून खालपर्यंत एकसारखी आणि थोडी मऊ लागते, किंमतही जास्त असते. आपल्याकडे दुकानात मिळते ती बहुतेक डनलॉप पद्धतीचीच. घरातली मोठी माणसं फोमच्या कुठल्याही गादीला डनलॉप म्हणतात, त्यामुळे दुकानदार 'डनलॉप आहे' म्हणाला तर 'आत लेटेक्स आहे का, आणि किती इंच?' हे लगेच विचारा.

नुसतं 'लेटेक्स मॅट्रेस' म्हटलं तर आत चार वेगवेगळे प्रकार निघू शकतात: पूर्ण नैसर्गिक लेटेक्स, नैसर्गिक आणि कृत्रिम यांचं मिश्रण, पूर्ण कृत्रिम, किंवा वर एक-दोन इंच लेटेक्स आणि खाली साधा फोम, रिबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे चिकटवून, दाबून केलेला) नाहीतर काथ्या. शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त खपतो. त्यात वाईट काही नाही. बजेट बेताचं असेल तर खाली चांगला रिबॉन्डेड फोम आणि वर दोन इंच लेटेक्स ही विचारपूर्वक केलेली खरेदी ठरते. फक्त त्याची किंमत पूर्ण लेटेक्सची लावलेली नसावी.

दुकानात जायच्या आधी टेप काढा

आपल्याकडे पलंग बरेचदा सुताराने घरी येऊन केलेला असतो, आणि त्याचं माप कंपनीच्या मापाशी जुळेलच असं नाही. बाजारात तयार मिळणारी मापं साधारण 72 बाय 72, 75 बाय 60, 78 बाय 60 आणि 78 बाय 72 इंच. पलंगाला कड उचललेली असेल तर आतून मोजा आणि तेही तीन ठिकाणी: डोक्याकडे, मध्ये आणि पायाकडे. पलंग अजून करायचा असेल तर सुताराला 78 बाय 72 सांगा. दोन माणसांना प्रत्येकी तीन फूट मिळतात आणि तयार मापात बसतं. मापाची खास कापून घेतलेली गादी बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

लांबीचा हिशोब उंच माणसाने करावा. स्वतःच्या उंचीत सहा इंच मिळवा. पाच फूट अकरा इंच म्हणजे 71 इंच. त्याला सहा फुटी गादीवर पाय आखडूनच झोपावं लागेल.

जाडी ठरवताना पलंगाची उंचीही धरा. बॉक्स बेड 18 इंच उंच आणि त्यावर 8 इंचांची गादी म्हणजे 26 इंच होतात. कडेला बसल्यावर पाय जमिनीला लागत नाहीत. तुमचं आज भागेल, पण गरोदरपणात किंवा गुडघे दुखायला लागल्यावर त्रास होईल. बहुतेक जोडप्यांना सहा इंच पुरतात. दोघांपैकी कुणी नव्वद किलोच्या वर असेल तर आठ घ्या आणि पलंगाची उंची तेवढी कमी ठेवा.

दोघांचं वजन आणि झोपायची सवय कागदावर लिहा

ही पायरी बहुतेक जण सोडून देतात, आणि पुढची कुरकुर इथूनच सुरू होते. समजा नवरा 85 किलोचा आणि बायको 52 किलोची. एकाच मध्यम गादीत तो दोन इंच रुतेल आणि तिला तीच गादी कडक लागेल. गादी जास्त मऊ असेल तर जड माणसाच्या बाजूला उतार होतो आणि हलकं माणूस रात्रभर तिकडे घरंगळत राहतं. सकाळी एकाची पाठ धरते, दुसऱ्याचा खांदा.

कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा थोडा आत जायला हवा, म्हणून वरचा थर मऊसर लागतो. उताण्या झोपणाऱ्याला मध्यम कडक बरी. पालथं झोपणाऱ्याचं पोट रुतून कंबर वाकते, त्याला आणखी कडक हवी. दोघांच्या सवयी वेगळ्या असतील तर मी एक सोपा नियम सांगतो: खालचा थर जड माणसाच्या हिशोबाने कडक घ्या आणि वरचे दोन इंच हलक्या माणसाच्या हिशोबाने मऊ घ्या. लेटेक्सचे थर वेगवेगळ्या कडकपणाचे मिळतात, आणि चेनवाल्या कव्हरमध्ये ते एकावर एक ठेवता येतात.

कडकपणाला कंपन्या 'आयएलडी' हा आकडा वापरतात. आकडा जेवढा मोठा तेवढी गादी कडक. वीसच्या आत मऊ, पंचवीस ते तीस मध्यम, पस्तीसच्या पुढे कडक, असं ढोबळ धरून चला. लेबलवर नसेल तर विचारा. चांगला विक्रेता कंपनीला फोन करून सांगतो.

'पाठ दुखते, मग फळीसारखी कडक गादी घ्या,' हा सल्ला घराघरांत मिळतो. 2003 मध्ये 'द लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. कंबरदुखी जुनी झालेल्या 313 जणांना 90 दिवस एकतर कडक किंवा मध्यम कडक गादी वापरायला दिली होती. मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला. म्हणून अगदी कडक गादीचा आग्रह धरण्याआधी मध्यम कडक गादीवर झोपून बघा. मणक्याचं निदान झालेलं असेल तर अर्थातच डॉक्टरांचं ऐका.

दोघांच्या वजनात पंचवीस-तीस किलोंचं अंतर असेल तर 78 बाय 36 च्या दोन गाद्या वेगवेगळ्या कडकपणाच्या घेऊन एकाच कव्हरमध्ये घालण्याचा पर्याय उत्तम. एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला हादराही कमी लागतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत अरुंद जिना चढवताना दोन भाग फार सोयीचे पडतात. पूररेषेजवळ तळमजल्यावर राहत असाल तर त्याहून जास्त. 2019 आणि 2021 चा पूर ज्यांनी बघितला त्यांना वेगळं सांगायला नको: भिजलेली लेटेक्सची गादी आतून वाळत नाही, ती पाणी यायच्या आधीच वर न्यावी लागते. पण तुमच्याकडे लहान मूल मध्ये झोपत असेल तर दोन भाग घेऊ नका, मधली फट त्याच्याच वाट्याला येते. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मोठ्यांच्या मऊ गादीवर झोपवूच नका. त्याला वेगळी, सपाट, घट्ट जागा हवी.

दुकानात: चेन उघडा

राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी असं फिरताना पहिला प्रश्न किंमतीचा विचारू नका. 'कव्हरची चेन उघडून आतलं दाखवाल का?' हा विचारा. नमुन्याचा छोटा तुकडा पुढे केला तर तो बघा, पण जी गादी घरी येणार तिचं आतलं अंग बघायचा आग्रह सोडू नका. चेनच नसेल, चारी बाजूंनी शिवून टाकलेली असेल, तर ती गादी पूर्ण लेटेक्सची आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मी अशी गादी घेणार नाही.

चेन उघडल्यावर साय रंगाचा, अंगावर ओळीने भोकं असलेला फोम दिसायला हवा. ही भोकं साच्यातल्या खिळ्यांची असतात. कडेने बघा, थर किती आणि कुठे चिकटवलेत ते दिसतं. मूठ दाबून सोडा. लेटेक्स लगेच उसळून वर येतं. हळूहळू वर आलं तर ते मेमरी फोम. अंगठ्याने कडेला जरा घासा. पीठ सुटत असेल तर आत स्वस्त भर घातलेली असण्याची शक्यता मोठी, आणि अशी गादी लवकर चिरते. रबराचा सौम्य वास येणारच, तो काही आठवड्यांत जातो. डोळ्यांत पाणी आणणारा, रसायनासारखा वास असेल तर पुढे व्हा.

आता वजनाचा हिशोब. डनलॉप लेटेक्सची घनता दर घनमीटरला 80 किलोच्या आसपास असते. 78 बाय 72 बाय 6 इंच म्हणजे साधारण 0.55 घनमीटर, म्हणजे गादी 44 किलोची भरायला हवी. आठ इंचांची 59 किलोची. दुकानदार पूर्ण डनलॉप लेटेक्स म्हणतोय आणि पोऱ्या एकटाच गादी खांद्यावर टाकून टेम्पोत चढवतोय, तर आत काहीतरी वेगळं आहे. उलट वजन भरलं म्हणून माल शुद्धच असंही नाही, कारण भर घातली तरी वजन वाढतं. वजन कमी भरलं तर शंका पक्की होते, एवढाच त्याचा उपयोग.

किंमतीचंही असंच. गेल्या काही वर्षांत रबराचा घाऊक भावच किलोला दीडशे ते अडीचशेच्या दरम्यान फिरतोय. 44 किलोला नुसता कच्चा मालच साडेसहा ते अकरा हजारांचा होतो. त्यावर बनवण्याचा खर्च, कव्हर, वाहतूक, कर आणि दुकानदाराचं पोट. मग किंग साइज, सहा इंच, शुद्ध लेटेक्स दहा-बारा हजारात कसं परवडेल?

नैसर्गिक की कृत्रिम हे डोळ्यांनी किंवा हाताने ओळखता येत नाही. इथे कागदच लागतो. सेंद्रिय लेटेक्ससाठी असलेलं 'गॉल्स' (GOLS) हे प्रमाणपत्र असेल तर त्यातला 95 टक्क्यांहून जास्त कच्चा माल प्रमाणित सेंद्रिय असतो. 'ओको-टेक्स स्टँडर्ड 100' हे हानिकारक रसायनं मर्यादेत आहेत एवढंच सांगतं, ते कृत्रिम लेटेक्सलाही मिळू शकतं. प्रमाणपत्रावर नाव कोणाचं आणि मुदत कधीपर्यंत, हे दोन्ही वाचा.

घरात कुणाला लेटेक्सची ॲलर्जी असेल, म्हणजे रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्याने अंगावर पित्त उठत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आडवं होण्याची लाज सोडा

आपल्याकडे बायका दुकानात गादीवर हाताने दाबून बघतात आणि 'बरी आहे' म्हणून उठतात. चार लोकांसमोर आडवं व्हायचं कसं? त्यामुळे गादी नवऱ्याच्या पसंतीची येते आणि पुढची दहा वर्षं खांदा तिचा दुखतो. यावर उपाय आहे. आठवड्यातल्या साध्या दिवशी दुपारी जा, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. साडीऐवजी ड्रेस घाला. बहिणीला किंवा नणंदेला बरोबर घ्या. दुकानदाराला सांगा, 'आम्हाला पंधरा मिनिटं लागतील.' ज्याला माल विकायचा आहे तो नाही म्हणत नाही. घरची उशीही घेऊन जा, कारण दुकानातल्या जाड उशीने सगळा अंदाज चुकतो.

दोघे एकदम आडवे व्हा, आपापल्या नेहमीच्या बाजूला. पाच मिनिटं काही बोलू नका. मग एकाने डोळे मिटून पडायचं आणि दुसऱ्याने कूस बदलायची. 'अहो, जरा परत वळा की,' असं दोन-तीनदा करून बघा. लेटेक्स उसळणारं असतं, त्यामुळे मेमरी फोमइतका हादरा ते गिळत नाही, पण स्प्रिंगच्या जुन्या गादीसारखं हलणारही नाही. कुणाची झोप फार सावध असेल तर हा भाग नीट तपासा.

उताणं असताना कमरेखाली हात सरकवा. हात सहज आरपार गेला तर गादी तुम्हाला कडक आहे. अजिबात शिरला नाही तर फार मऊ. थोडा जोर लावून शिरला तर बरोबर. कुशीवर असताना बरोबर आलेल्या माणसाला पाठीमागून मोबाईलवर फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ जमिनीला समांतर दिसायला हवी. एकाची दिसते आणि दुसऱ्याची दिसत नाही, तर मघाच्या थरांच्या नियमाकडे परत जा. शेवटी दोघांनीही कडेला बसून उठून बघा. कड दबून घसरायला होत असेल तर रोज सकाळी चपला घालताना त्रास होईल.

आयुष्यभर जमिनीवर कापसाच्या गादीवर झोपलेल्याला लेटेक्स सुरुवातीला तरंगल्यासारखं वाटतं. त्यांच्यासाठी कडक बाजूची निवडा. किंवा एकदम गादी न घेता दोन इंचांचा लेटेक्सचा थर आहे त्या गादीवर टाकून दोन-तीन महिने बघा. कमी पैशात अंदाज येतो.

ऑनलाइन घ्यायची असेल तर चाचणीच्या रात्री किती, हे कुणीही सांगतं. तुम्ही विचारायचं ते वेगळं: 416 पासून सुरू होणाऱ्या आपल्या पिनकोडवरून गादी परत न्यायला माणूस येतो का, आणि त्याचे पैसे कोण देणार? तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर चढवून देणार की गेटवर ठेवून जाणार, हेही आधीच बोलून घ्या.

पलंगाला श्वास घ्यायला जागा करा

कोल्हापुरात हा भाग गादीइतकाच महत्त्वाचा आहे. जून ते सप्टेंबर घरात ओल असते, गगनबावडा-राधानगरीकडे तर भिंतींना हात लावला तरी कळतं. आपले बहुतेक पलंग सामानासाठी पेटी केलेले आणि वर सलग प्लाय टाकलेले. अंगाचा घाम गादीतून खाली उतरतो, प्लायवर अडतो आणि पावसाळा संपता संपता गादीच्या पोटाला काळे ठिपके दिसतात. सुताराला सांगून प्लायला एक इंची भोकं सहा-आठ इंचांवर पाडून घ्या. नवा पलंग करत असाल तर पट्ट्यांचाच करा, दोन पट्ट्यांत दोन-अडीच इंचांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर लेटेक्स त्यात रुततं. मधला आधार हवाच, कारण गादी आणि दोन माणसं मिळून दोनशे किलोंच्या घरात जातं. गादी थेट फरशीवर टाकू नका.

घरी आणल्यावर

ऊन देऊ नका. कापसाची गादी गच्चीवर टाकायची आपली सवय चांगली, पण उन्हाने लेटेक्स पिवळं पडतं, कडक होतं आणि चिरतं. उन्हात फक्त कव्हर टाका. गादीला पंख्याखाली एक बाजू उचलून वारा द्या.

तेल हे रबराचं नुकसान करतं. बाळ-बाळंतिणीची मालिश, केसांचं तेल, गुडघ्याला लावलेलं औषधी तेल, सगळं घरोघरी असतंच. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रोटेक्टर घाला, हवा खेळणारा, प्लास्टिकसारखा चुरचुरणारा नको. बाळंतिणीला शेक द्यायचा असेल तर लेटेक्सच्या पलंगाखाली शेगडी कधीही ठेवू नका, त्यासाठी वेगळी खाट घ्या.

दर तीन-चार महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करा. दोघांनी मिळून फिरवा, कव्हरच्या कानाला धरून ओढू नका, लेटेक्स स्वतःच्या वजनाने फाटू शकतं. घडी घालून ठेवू नका. पहिले तीन-चार आठवडे अंग थोडं दुखलं तर घाबरू नका, पण त्यानंतरही दुखत असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत बोला.

बिलावर काय लिहून घ्यायचं

पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर 'मॅट्रेस, एक नग' एवढंच लिहू देऊ नका. माप, जाडी, कुठला थर किती इंच, नैसर्गिक लेटेक्सचं प्रमाण, घनता, हे सगळं शाईने बिलावर यायला हवं. 'पूर्ण लेटेक्स' तोंडी सांगणारा हेच लिहून द्यायला कचरला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

वॉरंटीकार्डावर वर्षांच्या आकड्याआधी खड्ड्याची व्याख्या वाचा. किती खोल झोळ पडला तर बदलून देणार? काही ठिकाणी एक इंच, काही ठिकाणी दीड. दीड इंच झोळ पडलेल्या गादीवर झोपून बघा म्हणजे त्या अर्ध्या इंचाची किंमत कळेल. डाग पडला, आतलं लेबल निघालं किंवा पलंगाचा आधार चुकीचा असला तर वॉरंटी जाते, अशी अट बहुतेक कार्डांवर असते. म्हणून लेबल कापू नका, आणि गादी आली त्या दिवशी चेन उघडून थरांचा, लेबलचा, बिलाचा आणि पलंगाच्या पट्ट्यांचा फोटो काढून दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा. तक्रारीची वेळ आलीच आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग कोल्हापुरातच आहे. दोन्हीकडे पहिल्यांदा मागतात ते बिल.